जिवंत गुरूच्या नावाने पाणी

फडात गाणाऱ्या साइफिनचा आवाज पहिल्यांदा फाटला तो रोई एटच्या जत्रेत, आणि तोही पहिल्याच आरोळीला. आमच्याकडे लाम, म्हणजे गाऊन सांगायची गोष्ट, सुरू होते ती 'ओऽ ला नॉऽ' अशा लांबलचक हाकेनं. पुढचं गाणं कसं का होईना, ती हाक लागली पाहिजे. तिच्यासाठी माणसं हातातला भाताचा गोळा हातातच ठेवून थांबतात. साइफिननं हाक दिली, ती वर चढली आणि ऐन टोकाला जुनं लुगडं टरकावं तशी टरकली. लोकांना वाटलं, पोरीला हुंदका आला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खेळाला तिच्या गळ्यात सगळ्यात जास्त हार पडले आणि तिनं मात्र ते न मोजताच काढून ठेवले.

पुढच्या गावी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गावी हाक अर्ध्यावरच बसली आणि समोर चटईवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, मागं कोंबडा कापताय काय रे? सगळा घोळका हसला. त्यानंतर तो हुंदका आहे असं कुणालाच वाटेना.

फडात कुजबूज सुरू झाली. फडात भिंती नसतात, पण तंबूच्या दोऱ्यांनाही कान असतात. तोंड रंगवणारी बाई साइफिनच्या गळ्याला पावडर लावताना लांबूनच हात फिरवायला लागली. नाचणाऱ्या पोरी तिच्या पेल्यातलं पाणी पिईनात. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं: गुरूचा कोप. ज्याचं लाम त्याच्याकडून रीतसर घेतलं नाही तर ते घशात अडकतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. साइफिनला तर ते कुणी सांगायची गरजच नव्हती. चोराच्या मनात चांदणं.

तशी तिनं चोरी केली असंही म्हणवत नाही. पावसाळ्यात भिक्षू मठात बसतात तेव्हा फडही घरी बसतात. त्या दिवसांत ती बाजारातून जुन्या कॅसेटी धुंडाळत हिंडायची. फडात ती चालू लूक थुंग गाणी म्हणायची. शेतकऱ्याची पोर शहरातल्या कारखान्यात जाते आणि तिकडे गावाच्या आठवणीनं रडते, त्या तऱ्हेची. गाणी दुसऱ्यांची, लकबी दुसऱ्यांच्या. लोक कौतुकानं म्हणत, अगदी कॅसेटसारखं गातेस हं, आणि तिचं तोंड कडू व्हायचं. आपलं म्हणावं असं काहीतरी हवं, या हट्टानं ती मागं मागं जात राहिली. आधी विजेच्या गिटारी येण्यापूर्वीच्या गायिका ऐकल्या, मग त्यांच्याही आधीच्या, आणि एक दिवस कॅसेटींच्या नकला करून विकणाऱ्या एका दुकानात तिला ती सापडली. वर पेननं नुसतं लिहिलेलं: ओनसा, संथ लाम.

घरी लावली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. एक आवाज, एक खेन, बास. खेन म्हणजे आपला बांबूच्या नळ्यांचा, तोंडानं फुंकायचा बाजा. नदीला पाणी चढलंय, सगळ्यांच्या नावा परत आल्यात आणि एक बाई काठावर उभी राहून अजून एका नावेची वाट बघते आहे, एवढंच काय ते लाम. पण आवाज एवढा उंच, एवढा बारीक, की तो माणसाच्या गळ्यातला वाटेना. साइफिननं ती बाजू एवढ्या वेळा ऐकली की तिची आई वैतागून म्हणाली, त्या बाईला एकदाची नाव मिळू दे गं बाई.

दुसऱ्या दिवशी ती दुकानदाराकडे पुन्हा गेली. ही ओनसा कोण, कुठली? दुकानदारानं हात झटकले. बान नोंग खामकडची कुणीतरी होती म्हणे, पण ती गेली. कधीच गेली बिचारी.

ती गेली, हे ऐकून साइफिनला वाईट वाटलं आणि मनातल्या मनात सुटल्यासारखंही वाटलं. जिवंत गुरूच्या दारात जावं लागतं. पाच जोड्या फुलं आणि पाच जोड्या मेणबत्त्यांचं ताट घेऊन पाया पडावं लागतं, ती नाही म्हणाली तर मुकाट्यानं परत यावं लागतं. मेलेल्या गुरूचं तसं नसतं. तिनं मठात जाऊन ओनसाच्या नावानं अन्नदान केलं, भिक्षूंच्या समोर बसून ओनसाच्या आत्म्यासाठी पाणी सोडलं आणि मग गायला लागली. खेळाआधी रंगमंचामागे ती स्वर्गवासी गुरूसाठी मेणबत्ती लावायची आणि मग माइकवर सांगायची, की हे लाम दिवंगत मोलाम ओनसा यांच्या चरणी. मोलाम म्हणजे लाम गाणारी. म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. पहिल्या दोन जत्रांत तर तिचं नाव असं झालं, की फडाची मालकीण थोंगमुआनबाई, जी कौतुकाचा शब्द मिठासारखा चिमटीनं देते, तीसुद्धा म्हणाली, बरं गातेस.

आणि मग आवाज फाटायला लागला.

आज संध्याकाळी यसोथोनला खेळ होता. गाण्यांच्या कंपनीचा माणूस ऐकायला येणार होता, आणि खास ते संथ लाम ऐकायला. थोंगमुआनबाईंनी सकाळीच साइफिनला बोलावून गोड आवाजात सांगितलं, की पोरी, आज कोंबडा ओरडला तर ते लाम यापुढे लामयाय म्हणेल. लामयाय ही फडातली नवी, टवटवीत गळ्याची पोर. साइफिन मान हलवून बाहेर आली.

त्यात बाजारात तिला ती मासेवाली भेटली. बाईनं तिला ओळखलं, काल पोस्टर बघितलं म्हणाली, आणि मासे तोलता तोलता सहज विचारलं, की तू दिवंगत ओनसा म्हणतेस ती कुठली? बान नोंग खामची? साइफिननं हो म्हटलं.

"अगं, ती परवाच माझ्याशी माशांच्या भावावरून भांडून गेली," मासेवाली म्हणाली. "मेलेली माणसं एवढी घासाघीस करतात होय?"

साइफिनच्या तोंडचं पाणी पळालं. तिला आठवलं ते मठातलं पाणी, त्या मेणबत्त्या, गावोगाव माइकवरून घेतलेलं ते नाव. जित्याजागत्या बाईचं श्राद्ध घालत ती गावोगाव फिरली होती. यापेक्षा मोठा अपराध कुणी करायचा म्हटलं तरी सापडला नसता. आता आवाज का फाटतो हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. फाटणारच. तिच्या जागी दुसरी असती तर मुकीच झाली असती, असं तिला वाटलं.

ती तशीच धावत खाम्पान काकांकडे गेली. काका फडाचे खेनवाले. तिच्या वडिलांच्या वयाचे, बोलणं कमी आणि तंबाखू जास्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खाली थुंकले, आणि फडाच्या छोट्या टेम्पोची किल्ली घेऊन आले.

"फुलं घे," ते म्हणाले. "आणि त्या कॅसेटचं यंत्र घे. पाया पडायला आलोय म्हटल्यावर बाई विचारेल, कशासाठी."

रस्ताभर साइफिन मनात माफीची वाक्यं जुळवत होती. आजी, मला माहीत नव्हतं. आजी, दुकानदार म्हणाला. प्रत्येक वाक्य तिला आधीच्या वाक्याहून जास्त निर्लज्ज वाटत होतं. मांडीवरचं ताट हिंदकळत होतं आणि म्हातारी काय काय करेल याची चित्रं डोळ्यांपुढं येत होती. शाप देईल. ताट लाथाडेल. हे लाम पुन्हा तोंडातून काढायचं नाही म्हणून बजावेल, आणि मग संध्याकाळी काय गायचं? मध्येच ती स्वतःशीच हळू 'ओऽ' म्हणून बघायची आणि घसा खरखरला की गप्प बसायची. खाम्पान काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, की रस्त्यात गळा संपवू नकोस. ते खरंच होतं, पण त्यानं तिला आणखीच रडू आलं.

ओनसाबाई खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत, बांबूच्या बाजेवर बसून चिंचा सोलत होत्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, कमरेत ताठ. एवढ्या उन्हात गळ्याला चौकड्याचं फडकं गुंडाळलेलं. साइफिननं ताट पुढं ठेवलं, जमिनीला डोकं टेकवलं आणि पाठ केलेलं सगळं विसरून भडाभडा खरं ते सांगून टाकलं. कॅसेट, दुकानदार, अन्नदान, पाणी, मेणबत्त्या, माइक. काही लपवलं नाही. बोलून झाल्यावर ती डोकं वर काढायलाच तयार होईना.

ओनसाबाईंनी चिंचेचं टरफल फुंकून टाकलं.

"म्हणजे ते तू होतीस होय," त्या म्हणाल्या. आवाज म्हणजे नुसती हवा. सुपात धान्य घोळल्यासारखी खरखर. "मी म्हणते, हल्ली दोन घास खाल्ले की पोट का भरतं. तू वरती जेवण धाडत होतीस."

खाम्पान काकांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. साइफिनला हसावं की रडावं कळेना. त्या थट्टा करताहेत की झाडताहेत याचा अंदाजच लागत नव्हता, आणि तो आवाज ऐकून तर तिच्या काळजात धस्स झालं होतं. म्हातारीचाही गळा गेलेला. तिला वाटलं, हेही आपल्याच मेणबत्त्यांनी केलं. तिनं भीत भीत विचारलं तेव्हा ओनसाबाईंनी फडकं जरा खाली ओढलं. गळ्यावर आडवा, जुना, पांढरा पडलेला वण होता.

"गाठ होती. कापली," त्या म्हणाल्या. "गाठीबरोबर गाणंही गेलं. तुझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट असेल ती. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस, एवढी मोठी नाहीस तू." मग चिंचांची टोपली बाजूला सारून म्हणाल्या, "गा. काय माझं घेतलंस ते बघू दे तरी."

इथंच घोडं पेंड खात होतं. पण खाम्पान काकांनी पिशवीतून खेन काढलाच होता. छोटा खेन, मुद्दाम करून घेतलेला. त्यांच्या नेहमीच्या मोठ्या खेनाचे सूर त्या कॅसेटशी काही केल्या जुळेनात, म्हणून त्यांनी कारागिराच्या खनपटीला बसून आखूड नळ्यांचा हा खास बनवून घेतला होता. तेव्हा त्यांनाही नवल वाटलं होतं, पण पूर्वीच्या बायकांचे गळे बारीक असतील, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

ओनसाबाई त्या खेनाकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

साइफिननं डोळे मिटले आणि हाक दिली. ती वर गेली, अजून वर गेली, आणि टोकाशी पोचायच्या आतच टरकन फाटली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, आणि या वेळी मागं घशात काहीतरी टोचल्यासारखं झालं. तिनं तोंडावर हात ठेवला. एवढं वाईट ती कधीच गायली नव्हती आणि गायली तीही नेमकी या बाईसमोर.

"हे कुणाचं लाम?" ओनसाबाईंनी विचारलं.

"तुमचं, आजी."

"माझं नाही. शब्द माझे आहेत. पण तिथं वर मी कधी गेलेच नाही. तरुणपणीसुद्धा नाही. माणूस तिथं जाऊन करणार काय?"

साइफिनला वाटलं, म्हातारी रागानं नाकारते आहे. शिष्य म्हणून नको, म्हणून ओळखही देत नाही. ती काकुळतीला आली, हात जोडले. खाम्पान काकांनी मात्र कॅसेटचं यंत्र बाजेवर ठेवलं आणि बटण दाबलं.

कॅसेट वाजायला लागली. ओनसाबाई मान तिरकी करून ऐकत होत्या. मग खेनाचा तुकडा आला आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"हा माझ्या नवऱ्याचा खेन?" त्या म्हणाल्या. "त्याचा खेन त्याच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत यायचा. टेम्पोत मावत नव्हता म्हणून आम्ही मागं बसायचो. हा चिमणीच्या पिल्लाचा खेन कुठून आणलात? आणि ही कोण किंचाळते? डास शिरलाय का हिच्या नाकात?"

खाम्पान काकांचा चेहरा पडला. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि खाली मान घालून साइफिनला सांगितलं, की ही नकलेची नक्कल आहे, आणि तिचीही नक्कल असेल. नकला काढणाऱ्याचं यंत्र दरवेळी थोडं जोरात पळालं, आवाज दरवेळी थोडा वर सरकला. जे गाणं माणसाच्या गळ्यातून निघालं होतं, ते यंत्रांनी ताणून ताणून माणसाच्या गळ्याबाहेर नेऊन ठेवलं. आणि आपण दोघं शहाणे त्याच्यामागं धावत सुटलो. एकानं खेन कापून घेतला, दुसरीनं गळा. खेनवाल्यानं तरी ओळखायला हवं होतं, मी कसला खेनवाला, असं ते दोनदा म्हणाले.

म्हणजे कोप नव्हता. शाप नव्हता. साइफिनला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते उलटंच. ज्या आवाजाच्या पायाशी ती एवढे दिवस मेणबत्त्या लावत होती, त्या आवाजाची बाई कधी जन्मालाच आली नव्हती. मग ती शिकली कुणाकडून? माफी कुणाची मागायची? आणि संध्याकाळी काय गायचं? लोकांना तोच वरचा, बारीक आवाज हवा होता. कंपनीचा माणूस तोच ऐकायला येणार होता. तो नाही लागला तर लामयाय, आणि तो लावायला गेलं तर गळा.

तिनं ताट थोडं पुढं सरकवलं. "आजी, घ्या ना," ती म्हणाली. "चुकलं माझं."

ओनसाबाईंनी ताटाला हात लावला नाही. "माझं तू काही घेतलंच नाहीस, तर माफ काय करू?" त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि ते ऐकायला जास्त कठीण गेलं. मग त्यांनी खाम्पान काकांना विचारलं, की मोठ्या माणसाचा खेन आहे की नाही तुमच्याकडे, की तोही विकलात?

काकांचा नेहमीचा लांब खेन टेम्पोतच होता. ते घेऊन आले, नळ्यांवर हात फिरवला आणि खालच्या सुरात फुंकला. बाजेखालची कोंबडी दचकून उठली. सूर केवढा तरी खाली होता. साइफिनला तो ऐकूनच वाटलं, की यात काय गायचं? हे म्हणजे बायकांनी तांदूळ निवडताना गुणगुणायचं. याच्यासाठी कोण भाताचा गोळा हातात धरून थांबेल? तिनं कचरत कचरत हाक दिली. ती छातीतून निघाली, जाडसर, साधी, तिच्या स्वतःच्या बोलण्याएवढीच. वरच्या टोकाच्या भीतीनं तिनं अंग चोरून घेतलं, आणि ते टोक आलं आणि गेलंसुद्धा. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पहिल्या ओळीत होती आणि नदीला पाणी चढत होतं.

तिसऱ्या ओळीला तिनं डोळे उघडले. ओनसाबाईंचा हात गळ्यावरच्या फडक्यावर होता आणि फडक्याखाली गळा हलत होता. ओठही हलत होते. शब्दांत काडीचाही आवाज नव्हता, पण प्रत्येक शब्द साइफिनच्या शब्दाच्या किंचित आधी येत होता. जिथं साइफिन कॅसेटच्या सवयीनं घाईनं पुढं जात होती तिथं ते ओठ थांबायचे, म्हणून तीही थांबायला शिकली, तिथल्या तिथं, गाता गाता. खाम्पान काकांनी डोळे मिटून घेतले होते. सगळ्यांच्या नावा परत आल्या, एक आली नाही, आणि लाम संपलं.

ओनसाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"हे माझं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "हे तू माझं घेतलंस. आता माग माफी."

साइफिननं जमिनीला कपाळ टेकवलं, तीनदा टेकवलं, आणि या वेळी तिला एकही वाक्य जुळवावं लागलं नाही. ओनसाबाईंनी ताट दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतलं. मग उठून आतून सुताचा पांढरा दोरा आणला, तो तिच्या मनगटाला बांधला आणि गाठ मारताना कानाशी काहीतरी पुटपुटल्या, जे खाम्पान काकांनाही ऐकू गेलं नाही.

निघताना साइफिननं जी भीती गिळून ठेवली होती ती बाहेर आलीच. लोकांना वरचा आवाज आवडतो, आजी, हा खालचा ऐकून उठून गेले तर?

"जाऊ देत," ओनसाबाई म्हणाल्या. "म्हशी बांधायच्या असतात लोकांना."

"आणि कंपनीचा माणूस?"

"त्याच्याही म्हशी असतील."

"आणि माइकवर? तुमचं नाव घेताना काय सांगू?"

ओनसाबाईंनी जरा विचार केला. पुन्हा बाजेवर बसल्या, चिंचांची टोपली पुढं ओढली.

"सांग, ओनसा जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "गळा तेवढा तिनं माझ्याकडे ठेवायला दिलाय."

इकडे येताना साइफिनला वाटत होतं, माफी मिळाली की जीव हलका होईल. टेम्पोत बसली तेव्हा दुपार नुसती पेटली होती आणि शेतांवरून गरम झळा येत होत्या. तिनं ओढणी काढली, गळ्याला दोन वेढे दिले, ते पुरेसे वाटेनात म्हणून तिसरा दिला.

"काका, काच वर करा," ती म्हणाली. "वारं लागतंय."

घामानं निथळणाऱ्या खाम्पान काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्यानं काच वर केली.